एक पोर, तेहतीस टक्के

टक्केवारी कशी काढायची हे गणितात शिकवतात. ती किमान किती जणांची काढावी, हे मात्र कुठल्याच इयत्तेच्या पुस्तकात दिलेलं नाही.

पाटण तालुक्यातल्या आमच्या शाळेचा पट १४. पहिलीत तीन, दुसरीत चार, तिसरीत तीन, चौथीत दोन, पाचवीत दोन. शिक्षक दोन. पहिली-दुसरी मॅडमकडे आणि उरलेला महाराष्ट्र माझ्याकडे. आता तिसरीत तीनच मुलं म्हटल्यावर एका पोराला खोकला झाला की इयत्तेची प्रगती तेहतीस टक्क्यांनी खाली येते. पाचवीचा बाजार याहून चंचल. दोघींपैकी एक मामाच्या लग्नाला गेली की निम्मा वर्ग कोसळला.

आमची शाळा काही जगावेगळी नाही. वीसच्या आत पट असलेल्या सरकारी शाळा राज्यात १४ हजारांहून जास्त आहेत. त्यांचं काय करायचं, समूह शाळा करायच्या का, याचे कागद २०२३ पासून फिरताहेत. पट का कमी, याला आमच्याकडे सरळ उत्तर आहे. कोयनेकाठच्या वाड्यांतली कर्ती माणसं वाशीच्या मार्केटात माथाडी आहेत आणि त्यांची पोरं तिकडच्या शाळांत. गणपतीत गावात इतकी पोरं जमतात की त्या आठवड्यात पटनोंदणी केली तर आम्हाला तिसरा शिक्षक मिळेल. पण गणपतीत शाळेला सुट्टी असते.

एक बरं आहे. पट कमी म्हणून चाचण्या कमी होत नाहीत. मुंबईतल्या दीड हजार पटाच्या शाळेला जेवढ्या, तेवढ्याच आम्हाला. याबाबतीत शासनाने कधी दुजाभाव केलेला नाही.

जुन्या लोकांना वाटतं, हल्ली आठवीपर्यंत परीक्षाच नसते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, नापास करणं त्या वेळी बंद झालं आणि महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. मुलांच्या मनावरचा परीक्षेचा ताण काढायचा होता. तो काढला, आणि फेकून कसा द्यायचा म्हणून गुरुजींच्या खांद्यावर ठेवला. आता प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या. त्याचं भाषेत काय, गणितात काय, कलेत काय, आवड काय, सुधारणा कशात हवी. कल्पना उत्तम. पण साठ मुलांच्या वर्गात साठ जणांचे नऊ-नऊ विषय लिहायला बसलेल्या शिक्षकाची अवस्था ज्याने बघितली, त्याने दुसऱ्याच महिन्यात तयार नोंदींचं पुस्तक छापलं. ते अजून खपतं, पीडीएफ तर फुकट फिरते. ‘कविता तालासुरात म्हणतो.’ ‘परिसर स्वच्छ ठेवतो.’ ‘गटात सहकार्याने काम करतो.’ वाक्य उचला, मुलगी असेल तर ‘तो’ची ‘ते’ करा, नोंद तयार.

माझ्याकडे मुलं कमी, त्यामुळे मला प्रत्येकाचं सगळं माहीत. आणि नेमकं त्यासाठी पुस्तकात वाक्य नाही. तिसरीतला राजवीर वर्गात पडलेले खडूचे तुकडे दिवसभर गोळा करतो आणि दुपारच्या सुट्टीत ज्याचे त्याला परत विकतो. छोट्या तुकड्याला एक गोटी, मोठ्याला दोन, आणि उधारी दप्तराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवतो. बरीच शोधाशोध केल्यावर त्याला बसणारी नोंद सापडली: ‘गणिती संकल्पनांचा व्यवहारात उपयोग करतो.’ केंद्रप्रमुख साहेबांनी ती वाचून मान डोलावली.

तिसरीतली बाकीची दोन मुलं म्हणजे स्वराली आणि शिवम. स्वराली हुशार आहे, आणि ते तिला माहीत आहे. शिवम ठीक आहे, पण तब्येतीने नाजूक. राजवीरला वाचता येतं, फक्त वाचलेलं त्याला पटत नाही.

शिक्षण हक्क कायद्याला पाच वर्षं झाली आणि २०१५ साल उजाडलं. त्या जूनच्या २२ तारखेला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला. त्याचं मूळ आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटात होतं. तिथल्या शाळांमध्ये पोरं फरशीवर आखलेल्या आकृत्यांवर बसून, खडे-काड्या-मणी घेऊन आपापली शिकत होती आणि गुरुजी बाजूला बसून बघत होते. राज्यभरातून जीपा भरभरून शिक्षक ते बघायला आले. जिल्ह्याची मान उंचावली. त्यासोबत जिल्ह्यातल्या इतर शिक्षकांची झोप उडाली, कारण जवळच्याला सवलत नसते. त्याच कार्यक्रमातून पायाभूत चाचणी आली. मुलाला आधी काय येतं ते पाहा, मग शिकवा, आणि शिकवून झाल्यावर परत पाहा. तत्त्वतः यात बोट ठेवायला जागा नाही. अलीकडे, २०२३-२४ पासून, तिचं नवं रूप आहे. पावसाळ्यात पायाभूत, पहिल्या सत्राअखेर संकलित एक, वर्षाच्या शेवटी संकलित दोन. विषय भाषा, गणित, इंग्रजी. प्रश्नपत्रिका राज्यभर एकच.

ही राज्यभर एकच असलेली प्रश्नपत्रिका आमच्यापर्यंत कशी पोचते, हा स्वतंत्र विषय आहे. जिल्ह्याहून तालुक्याला टेम्पोने, तालुक्याहून केंद्रशाळेत जीपने, आणि तिथून पुढे गुरुजींच्या मोटरसायकलवर. दिवस पावसाचे, आणि आमच्याकडचा पाऊस उभा नसतो, आडवा असतो. त्यामुळे ‘गोपनीय’ असा शिक्का असलेलं पाकीट युरियाच्या रिकाम्या पिशवीत घालून, तिचं तोंड सुतळीने बांधून, टाकीवर ठेवून आणावं लागतं. वाटेत चहाला थांबलं की टपरीवाला विचारतो, ‘गुरुजी, खत आणलं का?’ मी हो म्हणतो. गोपनीयतेचा भंग होत नाही.

लेखी चाचणीचं एक वेळ जमतं. तिघांना तीन कोपऱ्यांत बसवलं की झालं. अवघड असते ती तोंडी. एकाला विचारताना बाकीच्या दोघांनी ऐकायचं नाही असा संकेत आहे. बाहेर पाठवावं तर ओट्यापर्यंत पाऊस, मॅडमच्या खोलीत पाठवावं तर तिथे दुसरीचे पाढे चाललेले. शेवटी दोघांनी कानात बोटं घालून भिंतीकडे तोंड करावं असं ठरलं. मी शिवमला विचारलं, ‘या चित्रात काय काय दिसतंय?’ शिवम विचार करत होता. कानात बोटं घातलेली, भिंतीकडे तोंड केलेली स्वराली म्हणाली, ‘गुरुजी, त्याला सांगा, मागं बैलगाडी पण आहे.’

गुण भरायचे ते चॅटबॉटवर. हा आमच्या खात्यातला एकमेव घटक, जो ‘तात्काळ’ हा शब्द वापरत नाही. तो नमस्कार करतो, इयत्ता विचारतो, विषय विचारतो, मुलाचं नाव दाखवतो, आभार मानतो. फक्त त्याला नेटवर्क लागतं, आणि नेटवर्क खिंडीत असतं. संध्याकाळी खिंडीत आजूबाजूच्या वाड्यांचे चार-पाच गुरुजी एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरून उभे दिसले की गुराखी पोरं ओळखतात, चाचणी झाली. ‘गेलं का?’ ‘फिरतंय.’ ‘माझं गणित गेलं, इंग्रजी अडकलंय.’ शेवटच्या एसटीचा ड्रायव्हर मान बाहेर काढून विचारतो, ‘कुणाला सोडायचंय का?’ त्याला सांगावं लागतं, आम्ही घरी जायला उभे नाही, मुलं वर चढवायला उभे आहोत.

आमच्या तिसरीत पायाभूतला तिघांपैकी दोघे अपेक्षित पातळीवर होते. ६६.६७ टक्के. संकलित एकच्या दिवशी शिवमला ताप आला. उरला एक. ३३.३३ टक्के.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत भिंतीवर आलेख लागला. बाकी शाळांचे खांब थोडेफार खालीवर. आमचा मात्र सरळ अर्धा झालेला. साहेब माणूस सज्जन, पण आलेख सगळ्यांसमोर असल्यामुळे त्यांना काहीतरी बोलणं भाग होतं.

‘गुरुजी, निम्म्याने घसरण?’

‘साहेब, शिवमला ताप होता.’

‘ते ठीक आहे. पण तुमच्या एका शाळेनं केंद्राची सरासरी ओढली ना खाली.’

मग एक प्रपत्र आलं. ‘घसरणीची कारणे (किमान तीन)’ आणि ‘केलेली उपाययोजना (किमान तीन)’. माझ्याकडे कारण एकच होतं. मी लिहिलं: १. ताप. २. सर्दी. ३. ताप न उतरणे. उपाययोजना: १. वैयक्तिक लक्ष. २. पालकभेट. ३. प्राथमिक आरोग्य केंद्र. प्रपत्र परत आलं. कारणं शैक्षणिक स्वरूपाची हवीत असा शेरा होता. मॅडमनी सुचवलं म्हणून ‘अध्ययनातील सातत्याचा तात्पुरता अभाव’ असं लिहिलं. मंजूर झालं. शिवमला इतका सुंदर ताप आयुष्यात परत येणार नाही.

पण चाचण्यांमध्ये खरा मान शिष्यवृत्तीचा. ही परीक्षा १९५४-५५ पासूनची. गावातल्या आजोबांनाही ठाऊक. त्यांच्या काळी चौथीला स्कॉलरशिप मिळालेला मुलगा पुढे मामलेदार व्हायचा. नंतर २०१६-१७ पासून ती चौथीवरून पाचवीला आणि सातवीवरून आठवीला गेली. आणि २०२५ साली ती परत चौथी-सातवीला आणायचं ठरलं. परीक्षा वर चढते, खाली उतरते. मुलांना तशी सोय नाही, ती आपली एकाच दिशेने पुढे जात राहतात. पाचवीच्या शिष्यवृत्तीची रक्कम कित्येक वर्षं सालाला हजार रुपये होती. तेवढ्यात गाईड, सराव संच आणि पाटणच्या खेपा बसत नसत. २०२३ साली ती पाच हजार झाली. आता गाईड बसतं, फक्त गाईडचीही किंमत तेवढ्यात वाढली.

पेपर दोन. पहिल्यात भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येकी ७५ प्रश्न, दीडशे गुण, दीड तास. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. आमच्या वाडीत ७२ सेकंदांत चप्पल काढून होते, आत येणं बाकी असतं. त्यातच उत्तरपत्रिकेवरचा गोल पेनाने पूर्ण काळा करायचा. अर्धा चालत नाही, बाहेर गेलं चालत नाही, खाडाखोड तर अजिबात नाही. त्यामुळे सरावाचं निम्मं वर्ष गोल काळे करण्यात जातं. पाचवीतल्या तन्वीचा हात चित्रकलेचा. ती एकेक गोल इतका निगुतीने भरते की तो बघत राहावा. सराव परीक्षेत तिचे गोल पहिले आले आणि बारा प्रश्न राहिले.

या सगळ्यात मला मनापासून आवडते ती बुद्धिमत्ता चाचणी. आमच्याकडे एका खोलीत तीन इयत्ता असल्यामुळे पाचवीची बुद्धिमत्ता चालू असताना तिसरीचं शुद्धलेखन चालू असतं. श्रावणी आणि तन्वीला प्रश्न विचारला की लिहिता लिहिता राजवीरचा कान उभा राहतो.

‘पाण्याला आकाश म्हटले, आकाशाला जमीन म्हटले आणि जमिनीला पाणी म्हटले, तर मासे कोठे राहतील?’

श्रावणी म्हणाली, ‘आकाशात.’ बरोबर. पर्याय क्रमांक दोन.

मागून आवाज आला, ‘मासं पाण्यातच र्‍हातील की गुरुजी. आपण कायबी म्हणू दे.’

आता यात चूक काय काढायची? मी त्याला सांगितलं, तू शुद्धलेखन लिही.

‘गटात न बसणारे पद ओळखा. गाय, म्हैस, शेळी, कोंबडी.’ दोघींनी कोंबडी सांगितली, पक्षी म्हणून. राजवीरने मान हलवली. ‘म्हस.’ का रे? ‘ती आता आमच्यात न्हाय. दिली. बाकीच्या तिघी हायत.’

दिशांवरचे प्रश्न तर आमच्या तालुक्यासाठी केलेलेच नाहीत. ‘रमेश घरापासून उत्तरेकडे ५ किमी गेला, उजवीकडे वळून ३ किमी गेला, पुन्हा उजवीकडे वळून ५ किमी गेला, तर तो घरापासून किती अंतरावर आहे?’ उत्तर तीन किलोमीटर. कागदावर मीही तीनच काढतो. पण आमच्या इथून उत्तरेला सरळ पाच किलोमीटर गेलं की रमेश शिवसागर जलाशयात. राजवीरची शंका वेगळी होती. ‘त्यो गेला कशाला व्हता?’ याला चारही पर्यायांत उत्तर नव्हतं. पोरी हसल्या, आणि पुढच्या प्रश्नाला त्यांचेही ७२ सेकंद उलटून गेले.

पेपर काढणारी मंडळी यावर विचार करत नसतील असं नाही. परीक्षेनंतर परीक्षा परिषद आधी तात्पुरती उत्तरसूची देते, आक्षेप मागवते आणि मग अंतिम उत्तरसूची लावते. दोन सूच्यांच्या मध्ये कधी एखादं उत्तर बदलतं, कधी एखादा प्रश्न रद्दच होतो. म्हणजे परिषदेला चूक सुधारायची सोय आहे. राजवीरने चौथीत गेल्यावर आक्षेप नोंदवायचं ठरवलं, तर अंतिम उत्तरसूची दिवाळीपर्यंत लागणार नाही.

फेब्रुवारीत पाटणच्या केंद्रावर आम्ही सात जण गेलो. परीक्षार्थी दोन, आया दोन, एक आजी, एक चुलता आणि मी. केंद्राबाहेरचं दृश्य ज्याने पाहिलं नसेल त्याने एकदा जरूर पाहावं. झाडाखाली सतरंज्या, डबे, थर्मास, दही-साखर. आत दहा वर्षांची पोरं शांत बसलेली, आणि बाहेर आयांचे ओठ हलताहेत. पेपर सुटला की पोराच्या तोंडाला पाणी लागायच्या आत चौकशी सुरू. ‘किती सोडवले? सगळे? किती बरोबर? विसाव्याचं काय आलं?’ पोरगं सांगतं, ‘तीन.’ शेजारची म्हणते, ‘आमच्या हिचं तर एक आलंय.’ दोन्ही घरांचे चेहरे उतरतात. मग अर्ध्या तासाने कुणीतरी सांगतं, अगं, संच वेगळे असतात. अ, ब, क, ड असे चार, प्रत्येकात प्रश्नांचा क्रम वेगळा. तोवर दोघींनी एकमेकींची पोरं नापास करून झालेली असतात.

निकालात श्रावणी पात्र ठरली. दोन्ही पेपरांत किमान चाळीस टक्के लागतात, तन्वीचे दुसऱ्या पेपरात थोडक्यात हुकले. पाचवीचा निकाल पन्नास टक्के. पात्र ठरणं आणि गुणवत्ता यादीत येऊन शिष्यवृत्ती मिळणं या दोन गोष्टी वेगळ्या, हे मी स्टँडवर तीनदा समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागला, ‘शिष्यवृत्तीधारक’. त्यावर श्रावणीचा फोटो हातरुमालाएवढा, वरती आठ पुढाऱ्यांचे टॉवेलाएवढे, आणि खाली शुभेच्छुक समस्त ग्रामस्थ व मुंबईकर मंडळ. मंडळाच्या अध्यक्षांनी परीक्षेचं नावही ऐकलं नव्हतं, पण गॉगल घालून ते सगळ्यांत तेजस्वी दिसत होते.

राष्ट्रीय पातळीवरची चाचणी अजून आमच्या वाडीला आलेली नाही. पण केंद्रशाळेची निवड झाली तेव्हा मदतीला मी होतो. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झालं, ते मी विसरणार नाही. करोनामुळे पहिली ते चौथीचे वर्ग बंद होते. ग्रामीण भागात ते रीतसर उघडले १ डिसेंबरला. म्हणजे पहिली संपता संपता घरी गेलेली पोरं मधली सगळी इयत्ता मोबाईलवर, नाहीतर मोबाईलशिवाय काढून तिसरीत पोचली होती. शाळेत पहिलं पाऊल टाकलं ते थेट देशाचं शैक्षणिक संपादन मोजायला. एका पोराने मला बाहेर गाठून विचारलं, ‘गुरुजी, तिसरीचा वर्ग कुठला?’ पुढे मे २०२२ मध्ये अहवाल आला. सरासरी पाचशेपैकी मांडलेली, राज्याराज्यांची, जिल्ह्याजिल्ह्यांची. वर्ग विचारणारा तो पोरगा त्यात कुठेतरी दशांश चिन्हाच्या उजवीकडे असणार.

त्यानंतरचं सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ ला झालं. नाव बदललं, ‘परख’. इयत्ता बदलल्या, तिसरी, सहावी आणि नववी. पद्धत तीच. बाहेरून नेमलेले क्षेत्रीय अन्वेषक येतात, हे बहुतेक डी.एड.-बी.एड. करणारी तरणी पोरं. पट मोठा असेल तर त्यातून तीसच मुलं निवडायची, आणि ती चिठ्ठीच्या हिशोबाने, शाळेच्या पसंतीने नाही. निवड चालू असताना केंद्रशाळेच्या मुख्याध्यापकांचे डोळे मिटलेले होते. अमुक एक नाव निघू नये अशी त्यांची प्रार्थना असावी. ते नाव तिसरंच निघालं. सरांनी डोळे उघडले आणि खिचडीकडे बघायला गेले.

‘असर’ची तऱ्हा याहून निराळी. १९९५ च्या सुमारास मुंबईच्या वस्त्यांमधून काम सुरू केलेल्या माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांच्या ‘प्रथम’ संस्थेचं हे सर्वेक्षण, २००५ पासून चाललेलं. ते शाळेत येतच नाहीत, घरी जातात. जिल्ह्यातली तीस गावं, गावातली वीस घरं. गोल नाही, पर्याय नाही, पेन नाही. एक कागद. त्यावर अक्षरं, शब्द, एक छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट. दुसऱ्या कागदावर अंक, वजाबाकी, भागाकार. पोराने मोठ्याने वाचायचं आणि ऐकणाऱ्याने ऐकायचं. इतकी साधी चाचणी असूनही वर्तमानपत्रात सगळ्यांत मोठा मथळा तिचाच होतो. देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या साधारण निम्म्या मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येत नाही, असं दर खेपेला छापून येतं. त्या दिवशी तालुक्यातला प्रत्येक माणूस मला थांबवून विचारतो, ‘काय गुरुजी, वाचता येत नाही म्हणे?’ जणू मलाच येत नाही.

शेजारच्या वाडीत एकदा असरवाली पोरगी आली तेव्हा राजवीर नेमका आत्याकडे होता. घरात आलेल्या माणसाला एकटं बसू देणं आमच्याकडे शिष्टाचारात बसत नाही, त्यामुळे चाचणीला ओसरीवर अकरा माणसं होती. आत्या शब्द सुचवत होती. आजोबा चष्मा नसल्याने कागद लांब धरून स्वतःच वाचायला लागले. आजीने त्या पोरीला लग्न झालंय का ते विचारून घेतलं. राजवीरने उतारा बऱ्यापैकी वाचला, गोष्ट अर्ध्यात थांबवली, कारण त्यातल्या बाईने जे केलं ते त्याला पटलं नाही. भागाकार अडला. मग सगळ्यांचा चहा झाल्यावर त्याने त्या पोरीला खडूचे चार तुकडे दाखवून भाव विचारला.

खडूचा हिशोब जमतो आणि कागदावरचा भागाकार अडतो, हे असं का होतं, यावर मोठ्या लोकांनी कामं केली आहेत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०२५ साली ‘नेचर’मध्ये आला. कोलकाता-दिल्लीच्या बाजारांत विक्री करणारी पोरं गुंतागुंतीचे हिशोब तोंडी बिनचूक करतात आणि तीच गणितं शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडली की अडतात, शाळेतल्या पोरांचं नेमकं उलटं. नोबेल मिळालेल्या माणसांनी राजवीरचं दप्तर आतून पाहिलेलं नाही, तरी त्यांना बरोबर कळलं.

जानेवारीत एका माथाड्याची आई आजारी पडली म्हणून कुटुंब कोपरखैरण्याहून गावी परत आलं. त्यांची मुलगी आमच्या तिसरीत दाखल झाली. पट १५. तिला सगळं येत होतं, आणि मुंबईची असल्यामुळे ते ती मोठ्याने सांगतही होती. स्वरालीला पहिल्यांदाच घाम फुटला. राजवीरचं मात्र बरं झालं, आजवर तो तेहतीस टक्के होता, तो एका रात्रीत पंचवीसवर आला.

संकलित दोनला शिवम ठणठणीत होता. चारपैकी तीन पातळीवर. ७५ टक्के. मागच्या वेळचे ३३.३३. वाढ ४१.६७. शिक्षण परिषदेत भिंतीवर आमचा खांब इतका वाढला की साहेबांना तो पूर्ण बसवायला प्रोजेक्टर पुढे सरकवावा लागला. टाळ्या झाल्या.

‘गुरुजी, काय केलंत सांगा सगळ्यांना.’

‘साहेब, ताप उतरला. आणि एक मुलगी आली.’

‘ते झालं. पण उपक्रम कोणता?’

प्रपत्र पुन्हा आलं. ‘नवोपक्रमाचे नाव’, ‘उद्दिष्टे’, ‘फलनिष्पत्ती’. नावाचा रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. मॅडमनी ‘सोबती’ असं सुचवलं. उद्दिष्ट: नव्या सोबत्याच्या सहवासातून अध्ययनाला चालना देणे. फलनिष्पत्ती: ४१.६७. पंधरा दिवसांत तालुक्याच्या ग्रुपवर ‘सोबती’ची पोस्ट फिरायला लागली, खाली अंगठे आणि जोडलेले हात. परवा जावळीतून एका अनोळखी गुरुजींचा फोन आला. त्यांच्या शाळेचा पट सहा, तिसरीत एकच मूल, आणि सरासरी एकदा शंभर तर एकदा शून्य.

‘सर, तुमचा तो सोबती उपक्रम आम्हाला राबवायचाय,’ ते म्हणाले. ‘पीडीएफ पाठवता का?’

मी म्हटलं, ‘पीडीएफ पाठवतो. पण तुमच्याकडचं कोणी कोपरखैरण्याला आहे का, ते आधी बघा.’